डबीवरची वेळ

प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी रक्त द्यायला आलेला माणूस बाही वर करूनच उभा राहतो, लघवीची बाटली आणलेला ती निदान हातात धरतो, पण शौचाचा नमुना आणलेला माणूस ओळखायचा तो त्याच्या पिशवीवरून. डबीला प्लास्टिकची पिशवी, तिला वर्तमानपत्राची गुंडाळी, त्यावर मिठाईच्या दुकानाची कागदी पिशवी, आणि हे सगळे कापडी पिशवीच्या तळाशी, वर घडी केलेला पंचा. खिडकीशी आला की तो मागच्याला पुढे जाऊ देतो, मग त्याच्याही मागच्याला, आणि रांग संपल्यावर पुडके कठड्यावर ठेवून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, "ते तपासायचं होतं" एवढेच म्हणतो. "ते" म्हणजे काय हे 27 वर्षांच्या नोकरीत मला एकदाही विचारावे लागलेले नाही. मी विचारते ते एवढेच, की किती वाजता घेतले. "सकाळीच" असे उत्तर येते, आणि ते बहुतेक वेळा खोटे असते.

या एका क्रियेभोवती मराठीने जेवढे आडोसे उभे केले आहेत तेवढे दुसऱ्या कशाभोवती क्वचितच असतील. परसाकडे जाणे म्हणजे घरामागच्या परसात जाणे, बहिर्दिशेला जाणे म्हणजे वस्तीबाहेर जाणे, आणि "शौच" या शब्दाचा मूळ अर्थ तर शुद्धी. ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याला आपण त्यानंतरच्या धुण्याचे नाव देऊन मोकळे झालो. पण क्रिया जितकी झाकलेली, तितकाच तिच्यातला बिघाड आपल्या भाषेत उघड आणि नेमका आहे. आव पडते, मुरडा येतो, खडा होतो, चिकट होते, फेसाळ होते, ढाळ लागतात. रक्ती आव निराळी आणि मूळव्याधीचे रक्त निराळे. पटकीच्या रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे होते, आणि महिनोन्‌महिने खाल्लेले अंगी न लागता निघून जाते ती संग्रहणी. माझी आजी नातवंडांना रोज सकाळी "कशी झाली?" असे विचारी आणि उत्तरावरून त्या दिवशी पेज की ताकभात, सुंठ की एरंडेल हे ठरवी. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी सुट्या खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत मलाचे सात प्रकार चित्रांसह मांडले, त्या तक्त्याच्या उपयोगाविषयीचा त्यांचा अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला, आणि आज तो तक्ता जगभरच्या दवाखान्यांत वापरला जातो. आजीकडे चित्रे नव्हती, पण तिचे प्रकार सातांहून कमी नव्हते.

आजीचा हा मोकळेपणा मात्र पोराटोरांपुरता होता. मोठ्या माणसाला तो प्रश्न घरात कोणी विचारत नसे, आणि मोठे माणूस आपण होऊन सांगत नसे. माझ्या खिडकीपाशी येतात ती ही मोठी माणसे.

मी शिकाऊ होते तेव्हा नमुने काड्यापेटीतून येत. पुठ्ठा ओल शोषून घेई, आणि जो चिकट भाग बघायला हवा तोच पेटीच्या तळाला वाळून बसे. मलमाच्या जुन्या बाटल्या येत, त्या नीट धुतलेल्या नसत, आणि झाकण उघडले की आधी कापराचा वास येई. आता झाकणालाच चमचा जोडलेल्या पारदर्शक डब्या मिळतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. दुसरा मिटला नाही. रोग्याने नमुना कुठला घ्यायचा, तर जो भाग वेगळा दिसतो तो: जिथे रक्ताची रेघ आहे, शेंबडासारखी आव आहे, रंग बदलला आहे. लोक नेमके उलट करतात. पाहुण्यांपुढे ठेवायचे असावे तसा त्यातल्या त्यात नीटनेटका भाग निवडून पाठवतात, आणि तोही इतका थोडा की चमच्याला लागलेल्याहून जास्त काही डबीत नसते. काही जण तो संडासातल्या पाण्यातून उचलतात, काहींच्यात लघवी मिसळलेली असते, आणि यातले काहीही सांगायची त्यांना लाज वाटते. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही. डबी देताना हे सगळे चार वाक्यांत सांगायचे काम आमचे, पण ती चार वाक्ये आम्हीही खालच्या आवाजात आणि घाईने उरकतो.

वेळ विचारण्यामागे कारण आहे. आमांशाच्या अमिबाचे हलते रूप शरीराबाहेर पडले की फार टिकत नाही. पातळ नमुना अर्ध्या तासाच्या आत काचेवर घ्यावा असा दंडक आहे, कारण त्यानंतर अमिबा गोळा होऊन निपचित पडतो आणि मग तो अमिबा की आतड्याची एखादी पेशी हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पू-पेशी फुटतात. आतड्याला चिकटून रक्त गमावायला लावणाऱ्या अंकुशकृमीची (हुकवर्मची) अंडी चिवट असतात, पण त्यांचे उलटे होते: दमट उबेत दिवसभराहून जास्त राहिली तर त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि त्या वेगळ्याच कृमीच्या अळ्या आहेत की काय असा घोळ होतो. सकाळी सहाला घेतलेला नमुना एस.टी.च्या टपाजवळच्या फळीवरून तापत दुपारी एकला पोहोचला, तर त्यात रोग किती आणि प्रवास किती हे मला वेगळे करता येत नाही.

याच देशात शौचाचे नमुने अतिशय आदराने प्रवास करतानाही मी पाहिले आहेत. एखाद्या मुलाच्या हातापायातली शक्ती अचानक गेली तर पोलिओची शंका म्हणून त्याच्या शौचाचे दोन नमुने, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत घ्यायचे, बर्फाच्या पेटीत बंद करायचे आणि ठरलेल्या प्रयोगशाळेकडे रवाना करायचे, हा नियम होता. आपल्याकडचे नमुने मुंबईला परळच्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राकडे जात. पेटी, बर्फ, नोंद, सही, वेळ, सगळे काटेकोर. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याला आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे लशीचे दोन थेंब होते हे सर्वांना ठाऊक आहे. बर्फातून नीट पोहोचलेल्या या डब्याही होत्या हे फार थोड्यांना माहीत असते.

साध्या तपासणीला बर्फ लागत नाही. एक काच, तिच्या एका टोकाला सलाइनचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा, दोहोंत काडीच्या टोकावर येईल एवढा मल कालवायचा आणि वर कव्हरस्लिप ठेवायची. काचेखाली छापील अक्षर धरले तर ते वाचता आले पाहिजे इतकाच तो थर जाड असावा, असे मला शिकवलेले आहे आणि मी अजूनही वर्तमानपत्राचा तुकडा जवळ ठेवते. सलाइनच्या बाजूला जे जिवंत आहे ते हलताना दिसते, आयोडीनच्या बाजूला ते मरते पण त्याची केंद्रके उठून दिसतात, आणि पिठूळ कण निळेकाळे होतात. मग आधी दहाच्या भिंगाखाली सगळी काच नांगरायची, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, ओळीओळीने, आणि शंका येईल तिथे चाळीसचे भिंग लावायचे. दिसते ते बहुतेक निरुपद्रवी असते: न पचलेल्या भाजीच्या पेशींची जाळी, मिरचीच्या सालीचे तांबडे तुकडे, स्नायूंचे धागे, तेलाचे चमकणारे थेंब, आणि या सगळ्यामागे सळसळत राहणारे असंख्य जिवाणू. त्या पसाऱ्यात एखादे जंताचे अंडे, बाहेरून खडबडीत आणि पित्ताने तपकिरी झालेले. किंवा चाबूककृमीचे, दोन्ही टोकांना बूच मारलेल्या पिंपासारखे. ही काच नीट बघायला दहा मिनिटे लागतात. ती दोन मिनिटांतही बघता येते.

या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यातल्या काहींनी आपल्याच शौचाकडे बघायचे धाडस केले होते याचे मला नेहमी अप्रूप वाटते. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहुक 1681 साली जुलाबांनी बेजार होता, तेव्हा त्याने घरच्या भिंगाखाली स्वतःचाच पातळ मल धरला आणि त्यात पोटाच्या बाजूने चपटे, पायांनी वळवळणारे जीव पाहिले. ज्याला आपण आज जिआर्डिया म्हणतो त्याचे हे पहिले वर्णन मानले जाते. इजिप्तमध्ये काम करणाऱ्या आर्थर लूस या जर्मन संशोधकाच्या हातावर एकदा अंकुशकृमीच्या अळ्यांचे पाणी सांडले, तिथे खाज सुटली आणि लाली आली. त्याने ते झटकून टाकले नाही. तो आपलाच मल तपासत राहिला, आणि काही आठवड्यांनी त्यात अंडी दिसू लागली. तोपर्यंत हा कृमी तोंडावाटे पोटात जातो असे समजत. तो अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतो हे 1898 साली लूसने मांडले. लूसच्या जागी मी असते तर हात डेटॉलने धुऊन गप्प बसले असते, याची मला खात्री आहे.

ही खात्री कशी झाली ते सांगायला हवे. आबा, म्हणजे माझे वडील, गुहागर तालुक्यात आमच्या नारळी-पोफळीच्या आगरात राहतात. वय 71. तीन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता त्यांना आगराचा उतार चढताना दम लागू लागला. आईने फोनवर सांगितले की पायऱ्यांवर बसतात, जेवण कमी झाले आहे आणि नखे पांढरीफटक दिसतात. गावच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन 7.6. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि जवळच्याच एका प्रयोगशाळेतून शौचाचीही तपासणी करून घेतली गेली. त्या रिपोर्टचा फोटो आईने मला पाठवला: रंग पिवळसर तपकिरी, आव नाही, रक्त नाही, अंडी नाहीत, सिस्ट नाहीत. पू-पेशी एक ते दोन.

तो रिपोर्ट मी ओळखला. म्हणजे तो कोणी केला हे नव्हे. तो कसा झाला हे. संगणकात "नाही" हा शब्द प्रत्येक रकान्यात आधीच भरलेला असतो, वेगळे काही दिसले तरच तो बदलायचा असतो, आणि सकाळच्या गर्दीत काच न बघताही तो कागद छापला जाऊ शकतो. रंग मात्र कोणीतरी आपल्या हाताने लिहिला असणार, आणि तिथेच ते पकडले गेले, कारण लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला काळपट होते, पिवळसर नव्हे. मला संताप आला. तो फार वेळ टिकला नाही, कारण हा गुन्हा मीही केलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शंभरेक नमुन्यांच्या दिवशी शेवटचे दहा मी कसे पाहिले हे मला ठाऊक आहे. उलट प्रकारची चूकही केली आहे. आतड्याला सूज असली की मलात मोठ्या भक्षक पेशी येतात, त्या अमिबासारख्या दिसतात, आणि मी त्यांना सरळ "अमिबा आढळले" म्हणून लिहून टाकत असे, कारण काहीतरी सापडल्याचे समाधान होई आणि डॉक्टरही खूश असत. आपल्याकडे "पोटात अमिबा आहे" हे वाक्य ऐकलेले नाही आणि त्यावरची ती धातूच्या चवीची गोळी खाल्लेली नाही असे घर सापडणे कठीण. त्यातला काही वाटा माझ्यासारख्यांचा आहे. खरी गोम अशी की रोग करणारा एन्टामिबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एन्टामिबा डिस्पार यांच्या सिस्ट, म्हणजे कवचबंद रूपे, मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारख्या दिसतात. या दोन जाती आहेत असे 1925 सालीच सुचवले गेले होते, ते सर्वमान्य व्हायला 1993 उजाडले, आणि आमच्या रिपोर्टांवर अजूनही एकच नाव सर्रास छापले जाते.

आबांचा नमुना मीच पुन्हा तपासायचा असे ठरवले. तो मागायचा कसा, तिथे अडले. रोज पन्नास परक्या माणसांना जे विचारते ते मला वडिलांना विचारता येईना. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "तूच सांग बाई त्यांना, मला नको त्यात घालू." शेवटी मी फोन केला आणि खिडकीतल्या आवाजात, जणू ते कोणी भलतेच गृहस्थ आहेत अशा थाटात, डबी कशी, केव्हा आणि किती हे बोलून टाकले. पलीकडे बराच वेळ शांतता.

"इथं दिली होती की," ते म्हणाले.

"ती नीट बघितलेली वाटत नाही, आबा. मी बघते."

"तिथं तुझी माणसं असतात पोरी. तुझ्या बरोबरीच्या लोकांत माझी शोभा कशाला?"

हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. 27 वर्षे मी लोकांची लाज ही त्या वस्तूची लाज समजत होते. आबांना मलाची लाज नव्हती, शेणामातीत जन्म गेलेला तो माणूस. आपल्यामुळे लेकीकडे तिचे सहकारी निराळ्या नजरेने बघतील याचा तो संकोच होता. मी सांगितले की रविवारी बघते, प्रयोगशाळेत कोणी नसते. त्या रविवारी माझा चुलतभाऊ मोटारसायकलवरून चिपळूणला डबी घेऊन आला. तिला पाच आवरणे होती, मी मोजली.

साध्या काचेवर काहीच दिसले नाही. दोन काचा पाहिल्या, ओळीओळीने. मग मिठाची पद्धत केली. पाण्यात मावेल तेवढे मीठ विरघळवले की ते पाणी जड होते. लहान उभट बाटलीत ग्रॅमभर मल त्या पाण्यात कालवायचा, गाळ आणि काड्या काढून टाकायच्या, मग ड्रॉपरने थेंबाथेंबाने बाटली भरत आणायची, इतकी की पाणी काठाच्या वर फुगून उभे राहील पण सांडणार नाही. त्या फुगवट्यावर अलगद काच टेकवायची. बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. अंडी त्या खारट पाण्याहून हलकी, ती वीसेक मिनिटांत वर येऊन काचेच्या खालच्या अंगाला चिकटतात, आणि मग काच सरळ वर उचलून एका झटक्यात उलटी करायची, की थेंब तिच्यावरच राहतो. हे उलटे करणे सवयीचे काम आहे. नवशिक्यांचा थेंब हमखास टेबलावर जातो. आपल्याकडच्या वैद्यांचीही पाण्याची एक परीक्षा होती: मल पाण्यात बुडाला तर तो साम, म्हणजे अपक्व, आणि तरंगला तर पक्व. आमच्या बाटलीत तरंगणे ही चांगली खूण नसते.

काच उलटली, दहाच्या भिंगाखाली घेतली आणि तिसऱ्याच ओळीत ते अंडे होते. अंकुशकृमीच्या अंड्याइतके देखणे माझ्या कामात दुसरे काही नाही, हे म्हणणे विचित्र वाटेल. लंबगोल, पाण्याइतके स्वच्छ, एका पातळ रेषेची कड, आणि आत चार पेशींचा करडा गोळा, कडेपासून सुटा, जणू बशीत ठेवलेला. शेजारी दुसरे. पुढच्या ओळीत आणखी तीन. मी त्या काचेवरची एकोणीस मोजली आणि मग खुर्चीत मागे टेकून बसले.

नेकेटर जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला जेमतेम 0.03 मिलीलीटर रक्त गमावायला लावतो. हे काहीच नाही. पण आतड्याला असे दोनशे चिकटले असतील तर दिवसाला सहा मिलीलीटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडे अधिक, आणि हे महिनोन्‌महिने, कुठेही लाल दिसल्याशिवाय. आगरातल्या सावलीतली ओली, भुसभुशीत माती अळ्यांना सगळ्यात मानवते. लहानपणी पावसाळ्यात पायांच्या बेचक्यांत खाज सुटली की आम्ही "चिखल्या झाल्या" म्हणायचो आणि वर तेल लावायचो. त्यातल्या काही चिखल्या नव्हत्याच, असे आता वाटते. घरात संडास बांधून पंधरा वर्षे झाली, पण आबा आणि कामाला येणारे गडी आगराच्या टोकाला असले की एवढ्यासाठी घरी येत नाहीत, आणि वहाणा शिंपणाच्या पाटात भिजतात म्हणून बांधावर काढून ठेवलेल्या असतात.

कारण सापडले म्हणून मी हरखून डॉक्टरांना फोन केला. चिपळूणचे हे डॉक्टर शांतपणे म्हणाले की औषध आज सुरू करू, पण सत्तरीला टेकलेल्या पुरुषाचे रक्त कमी झाले आहे, तेव्हा एक कारण मिळाले म्हणून दुसरे शोधायचे थांबवायचे नाही. त्यांनी मलातल्या गुप्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, रक्ताची तपासणी सांगितली. हिच्या जुन्या तऱ्हेत ग्वायॅक नावाच्या झाडाचा डिंक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, रक्त असेल तर कागद निळा होतो. पण आदल्या दिवशीचे मटण किंवा कच्चा मुळाही तो निळा करू शकतो, आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या असलेले रक्तही लपवू शकतात. नव्या तऱ्हेत फक्त माणसाच्याच हिमोग्लोबिनला धरणारी प्रतिद्रव्ये असतात, त्यामुळे पथ्य नको, आणि वरच्या आतड्यातले रक्त वाटेत पचून जात असल्याने ही तपासणी मुख्यतः मोठ्या आतड्याविषयी बोलते. म्हणजे तिने अंकुशकृमी फारसा सांगायला नको होता. आबांची ती पॉझिटिव्ह आली. तो आठवडा मी कसा काढला ते लिहीत नाही. दुर्बिणीने तपासणी झाली, मोठे आतडे स्वच्छ निघाले; निघाली ती मूळव्याध, जुनी, रक्त येणारी, चाळीस वर्षे बाळगलेली. आईलाही तिचा पत्ता नव्हता. "सांगण्यासारखं काय होतं त्यात," आबा म्हणाले.

आता या क्षेत्रात मोठ्या नावांच्या तपासण्या आल्या आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर कामाच्या आहेत. कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतले प्रथिन मलात मोजले की आतड्याला खरी सूज आहे की नुसती चळवळ जास्त आहे याचा अंदाज येतो, आणि एरवी थेट दुर्बिणीच्या टेबलावर गेले असते असे कितीतरी तरुण तेवढ्यावर सुटतात. मात्र कंबरदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही तो आकडा चढतो, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जिवाणूचा शोध आता मलातून लागतो, पण त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक बंद हवे; आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी ही गोळी मानतच नाहीत, त्यामुळे रोगी "काही घेत नाही" असेच सांगतो. घरपोच डबी पाठवून पोटातल्या सगळ्या जिवाणूंची रंगीत वर्तुळे छापून देणारेही आहेत. एक तरुण असा चाळीस पानी अहवाल घेऊन माझ्याकडे आला होता. त्यावरून त्याने काय खावे आणि कोणते औषध घ्यावे हे आज कोणाला खात्रीने सांगता येईल असे मला वाटत नाही. त्याच्या साध्या काचेवर, तिसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या नमुन्यात, जिआर्डिया होता. तो रोज बाहेर पडत नाही, म्हणून तर तीन नमुने मागतात, आणि तीन नमुने द्यायला कोणी तयार नसतो.

आबांना अल्बेंडाझोल हे कृमींवरचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या चालू राहिल्या, तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झाले. मी पुन्हा नमुना हवा म्हणाले तेव्हा मनाशी भाषण तयार ठेवले होते, ते लागले नाही. डबी आली ती एकाच पिशवीत. तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर आबांच्या तलाठ्यासारख्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव, वय, तारीख आणि "स. 6 वा. 10 मि." एवढे लिहिलेले. चुलतभाऊ पावणेआठला दारात होता.

साध्या दोन काचा पाहिल्या, मिठाच्या तीन. संध्याकाळी फोन केला.

"दिसली नाहीत, आबा."

"म्हणजे नाहीत."

"दिसली नाहीत."

ते थोडे थांबले. "म्हणजे तू नीट बघितलंस आणि तुला दिसली नाहीत."

"हो."

"मग तसं लिही. आणि पुढच्या रविवारी परत पाठवतो, वेळ घालून."